ऐच्छिक अवलंबित्व (सॉफ्टवेअर बांधणी)

ऐच्छिक अवलंबित्व किंवा ऑप्शनल डिपेंडन्सी म्हणजे एखाद्या संगणक आज्ञावलीचे अशा बाह्य लायब्ररीवरील अवलंबन, की जी नसली तरी आज्ञावली बांधता व चालवता येते, पण असल्यास तिच्यात एखादी अधिकची सुविधा येते. सोर्स कोडपासून चालू शकणारी आज्ञावली तयार करण्याच्या क्रियेला बांधणी किंवा बिल्ड म्हणतात. ती पार पाडणारी बांधणी-स्क्रिप्ट आरंभी संगणकावर कोणकोणत्या लायब्ऱ्या आहेत याची तपासणी करते. आवश्यक लायब्ररी सापडली नाही तर बांधणी थांबते, यात वाद नाही. ऐच्छिक लायब्ररी सापडली नाही तर थांबावे, की सुविधा गाळून पुढे जावे, आणि गाळल्यास ते कोणाला व कसे कळवावे, हा मात्र मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. सुविधा न सांगता गाळली गेली की तयार आज्ञावली वरवर पूर्ण दिसते. उणीव पुढे कधीतरी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या संगणकावर उघडकीस येते. गाळलेली सुविधा सुरक्षेशी संबंधित असेल, तर ती कदाचित कधीच उघडकीस येत नाही.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात युनिक्सचे अनेक प्रकार प्रचलित होते आणि प्रत्येकावर वेगवेगळ्या लायब्ऱ्या असत. एकच सोर्स कोड या सर्वांवर बांधता यावा यासाठी डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या कामानिमित्त ऑटोकॉन्फ हे साधन लिहिण्यास सुरुवात केली. ऑटोकॉन्फने तयार केलेली ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट छोट्या छोट्या चाचण्या करते. एखादी हेडर फाइल आहे का, एखाद्या लायब्ररीत अमुक फंक्शन आहे का, हे ती प्रत्यक्ष कंपायलर चालवून पाहते आणि उत्तरे नोंदवून ठेवते. पुढे सोर्स कोडमधील अटी या नोंदी वाचून संबंधित भाग समाविष्ट करतात किंवा वगळतात.

या पद्धतीचा हेतू उदार होता. ज्याच्या संगणकावर जे असेल त्यातून त्याला चालणारी आज्ञावली मिळावी, एका लायब्ररीअभावी सारेच अडू नये, असा तो विचार होता. ज्या काळी आज्ञावली वापरणारा आणि बांधणारा बहुधा एकच असे, त्या काळी तो योग्यही होता. पुढे लिनक्स वितरणे आली. एकाने बांधलेली आज्ञावली लाखो जण वापरू लागले, आणि बांधणीच्या वेळी पडद्यावर उमटणारी ‘नाही’ ही ओळ वापरणाऱ्यापर्यंत पोहोचेनाशी झाली.

लायब्ररी ‘सापडली नाही’ म्हणजे काय

नवशिक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. लायब्ररी संगणकावर बसवलेली असते, तिच्यावर चालणाऱ्या इतर आज्ञावल्याही सुरळीत चालत असतात, आणि तरीही बांधणी-स्क्रिप्ट ती नसल्याचे सांगते. याचे कारण असे, की बहुतेक लिनक्स वितरणे प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग करतात. एक चालवण्यासाठी लागणारा आणि दुसरा बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फायलींचा. रीडलाइन या लायब्ररीचा हा दुसरा भाग डेबियन व उबुंटूवर ‘लिबरीडलाइन-डेव्ह’ या नावाने, तर फेडोरावर ‘रीडलाइन-डेव्हल’ या नावाने मिळतो. स्क्रिप्टला हवा असतो तो हा भाग.

याखेरीज लायब्ररीची आवृत्ती जुनी असणे, ती अनपेक्षित फोल्डरमध्ये असणे, किंवा चाचणीचा छोटा कोडच भलत्या कारणाने कंपाइल न होणे, या सर्वांचा निकाल अनेक स्क्रिप्ट एकाच शब्दात देतात, तो म्हणजे ‘नाही’. खरे कारण ऑटोकॉन्फच्या बाबतीत ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फायलीत नोंदलेले असते. सीमेक या साधनात कंपाइल करून पाहण्याच्या चाचण्यांचे निकाल साठवून ठेवले जातात. त्यामुळे लायब्ररी नंतर बसवली तरी, साठवण पुसेपर्यंत, जुनेच उत्तर मिळत राहू शकते.

बांधणाऱ्याच्या तीन इच्छा

ऐच्छिक सुविधेबाबत बांधणाऱ्याची इच्छा तीन प्रकारची असू शकते. ‘ही सुविधा हवीच’, ‘ही सुविधा नको’ आणि ‘असेल तर चालेल, नसली तरी चालेल’. बहुतेक तक्रारींचे मूळ असे, की स्क्रिप्ट या तिन्हींना एकच वागणूक देते.

‘हवीच’ असे सांगितले असता लायब्ररी नसेल, तर बांधणी त्रुटी देऊन थांबणे हाच योग्य परिणाम होय, कारण स्पष्ट मागणी नाकारून पुढे जाण्याचा अधिकार स्क्रिप्टला नसतो. प्रत्यक्षात हे नेहमी पाळले जात नाही. व्हिम या संपादकाच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला पायथनची जोड मागितली आणि पायथनच्या फायली सापडल्या नाहीत, तर ती नेहमीच्या वर्तनाप्रमाणे जोड गाळून पुढे जाते. तिने थांबावे असे वाटत असल्यास ‘एनेबल-फेल-इफ-मिसिंग’ हा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

‘नको’ असे सांगितले असता स्क्रिप्टने लायब्ररी शोधूच नये. ती सापडली म्हणून जोडून टाकणे ही तितकीच मोठी चूक ठरते.

तिसरी, म्हणजे ‘चालेल’ ही इच्छा सर्वांत नाजूक आहे. पर्याय दिलाच नाही तर स्क्रिप्ट बहुधा हीच इच्छा गृहीत धरते. ज्याने काहीच सांगितले नाही त्याला खरोखर चालणार आहे की त्याला हा प्रश्नच माहीत नाही, हे स्क्रिप्टला कळण्याचा मार्ग नसतो.

याला आणखी एक फाटा आहे. ग्नू प्रकल्पाच्या संकेतांनुसार कॉन्फिगर स्क्रिप्टने अनोळखी ‘विथ’ व ‘एनेबल’ पर्यायही स्वीकारले पाहिजेत, जेणेकरून अनेक पॅकेजांना एकच पर्याययादी देता यावी. त्यामुळे पर्यायाच्या नावात टंकनदोष झाला, तरी ऑटोकॉन्फ केवळ इशारा देऊन पुढे जातो. मागणी केल्याचे समाधान मिळते, सुविधा मात्र मिळत नाही.

मूक वगळणुकीची उदाहरणे

सी-पायथन, म्हणजे पायथन भाषेची मुख्य अंमलबजावणी, सोर्स कोडपासून बांधताना एसक्यूलाइट, ओपनएसएसएल, टीके आदी लायब्ऱ्या नसल्या तरी बांधणी पूर्ण होते. न बांधलेल्या मॉड्यूलांची यादी शेवटी छापली जाते, पण शेकडो ओळींच्या उताऱ्यात ती सहज नजरेतून सुटते. काही दिवसांनी ‘एसक्यूलाइट३’ आयात करताना, किंवा पिप या साधनाने काही उतरवताना एसएसएल मॉड्यूल नसल्याचा संदेश येतो. तोवर बांधणीचा आणि या त्रुटीचा संबंध विसरला गेलेला असतो.

पिलो या पायथनमधील प्रतिमा-प्रक्रिया लायब्ररीचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. पूर्वी जेपीईजीची लायब्ररी नसतानाही पिलो विनातक्रार बांधली जाई आणि पहिले छायाचित्र उघडताना ‘जेपीईजी डीकोडर उपलब्ध नाही’ अशी त्रुटी येई. २०१५ मधील ३.०.० या आवृत्तीपासून जेपीईजी व झेडलिब या दोन लायब्ऱ्या मूलतः आवश्यक ठरवण्यात आल्या. त्या नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. इतर लायब्ऱ्या ऐच्छिकच राहिल्या आणि बांधणीच्या शेवटी कोणती मिळाली व कोणती नाही याचा तक्ता छापला जातो.

त्या ऐच्छिक लायब्ऱ्यांपैकी राक्म ही मराठी वापरकर्त्यांसाठी महत्त्वाची आहे. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो पण लिहिताना त्याच्या आधी उभा राहतो, आणि जोडाक्षरांत अक्षरांचे रूप बदलते. ही जुळणी राक्म ही लायब्ररी हार्फबझच्या साहाय्याने करते. राक्म नसेल तर पिलो साध्या मांडणीवर उतरते आणि चिन्हे ज्या क्रमाने साठवली आहेत त्याच क्रमाने एकापुढे एक काढते. ‘किल्ला’ या शब्दातील वेलांटी मग ‘क’च्या उजवीकडे, ‘ल’ला चिकटल्यासारखी दिसते आणि ‘ल्ल’ जुळण्याऐवजी पाय मोडलेला ‘ल’ सुटा पडतो. यात कोठेही त्रुटी-संदेश येत नाही, प्रतिमा यशस्वीपणे तयार होते. फॉन्टची विशेष वैशिष्ट्ये किंवा भाषा स्पष्टपणे मागितली तरच राक्म नसल्याचे पिलो सांगते. लॅटिन लिपीत काम करणाऱ्या बांधणाऱ्याला हा दोष चाचणीत दिसणेही शक्य नसते. एकाला ऐच्छिक वाटणारी लायब्ररी दुसऱ्याच्या लिपीसाठी अनिवार्य असू शकते, ही गोष्ट पर्याय ठरवताना क्वचितच लक्षात घेतली जाते. इमेजमॅजिक या प्रसिद्ध आज्ञावलीतही राक्मची जोड अशीच ऐच्छिक आहे.

नको असताना जोडली गेलेली लायब्ररी

जेंटू या लिनक्स वितरणात बहुतेक पॅकेजे वापरकर्त्याच्या संगणकावरच बांधली जातात आणि कोणती सुविधा हवी ते ‘यूज फ्लॅग’ नावाच्या खुणांनी ठरते. या प्रकल्पात ‘ऑटोमॅजिक डिपेंडन्सी’ असा शब्द रूढ झाला. स्क्रिप्टने कोणालाही न विचारता, केवळ सापडली म्हणून जोडून टाकलेली लायब्ररी, असा त्याचा अर्थ आहे. पॅकेज व्यवस्थापकाच्या नोंदीत हे अवलंबन नसते. त्यामुळे वापरकर्ता ती लायब्ररी निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि वरकरणी असंबद्ध असलेली आज्ञावली चालेनाशी होते.

बांधलेली पॅकेजे पुरवणाऱ्या वितरणांनाही याचा उपद्रव होतो. बांधणीच्या यंत्रावर योगायोगाने असलेली एक लायब्ररी निकाल बदलून टाकते. म्हणून डेबियनमध्ये बांधणी स्वच्छ, किमान लायब्ऱ्या असलेल्या वातावरणात केली जाते आणि अमुक लायब्ररी असताना बांधू नये असे ‘बिल्ड-कॉन्फ्लिक्ट्स’ या रकान्यात नोंदवण्याचीही सोय आहे. एकाच सोर्स कोडपासून प्रत्येक वेळी बरोबर तीच फाइल तयार व्हावी या उद्देशाने डेबियनमध्ये २०१३ पासून चाललेल्या पुनरुत्पादनक्षम बांधणीच्या प्रयत्नांनाही अशी परिस्थितीनुसार बदलणारी स्क्रिप्ट अडथळा ठरते.

एफएफएमपेग या ध्वनी-चित्र प्रक्रियेच्या आज्ञावलीने मिश्र मार्ग स्वीकारला आहे. झेडलिबसारख्या काही लायब्ऱ्या ती आपोआप शोधते, पण ‘डिसेबल-ऑटोडिटेक्ट’ या एका पर्यायाने हा शोध पूर्ण बंद करता येतो. एक्स२६४ सारख्या लायब्ऱ्या मात्र नाव घेऊन मागितल्याशिवाय जोडल्या जात नाहीत आणि मागितल्यावर सापडल्या नाहीत तर बांधणी थांबते. एक्स२६४ साठी जीपीएल परवाना मान्य असल्याचेही वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते. कारण ही लायब्ररी जोडल्याने संपूर्ण आज्ञावलीच्या वितरणाच्या अटी बदलतात. असा कायदेशीर परिणाम योगायोगावर सोडता येत नाही.

थांबून विचारणारी स्क्रिप्ट

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची कॉन्फिगर स्क्रिप्ट रीडलाइन सापडली नाही तर थांबते, आणि ती नकोच असल्यास ‘विदाउट-रीडलाइन’ हा पर्याय द्या असे त्याच संदेशात सांगते. रीडलाइनशिवाय डेटाबेस पूर्णपणे चालतो. केवळ ‘पीएसक्यूएल’ या साधनात मागील आज्ञा बाणाच्या कळीने परत आणता येत नाहीत. एवढ्या लहान सोयीसाठी बांधणी अडवणे काहींना जाचक वाटते, पण ज्याने ती सोडली त्याने ती जाणून सोडलेली असते. २०२३ मधील १६ व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीलाही हाच नियम लागू झाला. ती नसल्यास ‘विदाउट-आयसीयू’ असे स्पष्ट लिहावे लागते. विविध भाषांच्या वर्णक्रमानुसार नोंदी लावण्याचे काम या लायब्ररीकडे असते, आणि त्यांत मराठीही आहे.

डॅनियल स्टेनबर्ग यांनी सुरू केलेल्या कर्ल या प्रकल्पाची वाटचालही त्याच दिशेने झाली. पूर्वी त्याची स्क्रिप्ट ओपनएसएसएल आपोआप शोधत असे. २०२१ मधील ७.७७.० या आवृत्तीपासून कूटबद्ध संपर्कासाठी कोणती लायब्ररी वापरायची हे बांधणाऱ्यानेच सांगणे, किंवा ती नको असे स्पष्ट करणे बंधनकारक झाले. २०२४ च्या आरंभी आलेल्या ८.६.० मध्ये लिबपीएसएल न सापडणे हीसुद्धा त्रुटी ठरवण्यात आली. ही लायब्ररी ‘को डॉट इन’सारखी, ज्यांच्याखाली कोणालाही नाव नोंदवता येते अशी सामायिक प्रत्ययनामे ओळखते. ती नसेल तर ‘को डॉट इन’खालील एखादे संकेतस्थळ त्या संपूर्ण प्रत्ययासाठी कुकी ठेवू शकते आणि ती त्याखालील इतर सर्व संकेतस्थळांकडे पाठवली जाऊ शकते. सुविधा गाळली गेल्याने काहीच बंद पडत नाही, केवळ एक संरक्षण नाहीसे होते. अशी वगळणूक मूक असण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

एक्सझेड प्रकरण

मूक वगळणुकीचा हेतुपुरस्सर गैरवापर होऊ शकतो हे २०२४ मध्ये दिसून आले. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या संपीडन-आज्ञावलीत दडवलेली चोरवाट जाहीर केली. तिच्या तपासात बांधणी-स्क्रिप्टमधील आणखी एक, तुलनेने कमी चर्चिली गेलेली घातपाती दुरुस्ती सापडली.

एक्सझेडला लँडलॉक या लिनक्स कर्नलच्या सुविधेचा ऐच्छिक आधार आहे. कर्नलमध्ये २०२१ साली ५.१३ या आवृत्तीत आलेल्या या सुविधेद्वारे आज्ञावली स्वतःचे फाइल हाताळण्याचे अधिकार मर्यादित करून घेते. ती उपलब्ध आहे का, हे पाहण्यासाठी सीमेकची स्क्रिप्ट काही ओळींचा सी भाषेतील कोड कंपाइल करून पाही. फेब्रुवारी २०२४ मधील एका बदलात या कोडात एका ओळीच्या आरंभी एकच पूर्णविरामाचे टिंब घालण्यात आले होते. त्यामुळे कोड कोणत्याही संगणकावर कंपाइल होणे अशक्य झाले. चाचणी दर वेळी अयशस्वी होई, स्क्रिप्ट ‘लँडलॉक नाही’ असे समजे आणि संरक्षणाविना बांधणी पूर्ण करी. सीमेक वापरून केलेल्या बांधणीपुरताच हा दोष होता. प्रकल्पाचे मूळ देखभालकर्ते लासे कॉलिन यांनी चोरवाट उघड झाल्यानंतर तो काढून टाकला.

‘लायब्ररी नाही’ आणि ‘चाचणीच मोडली आहे’ या दोन भिन्न गोष्टी स्क्रिप्टला एकसारख्या दिसतात, यावरच हा घातपात उभा होता. लँडलॉक स्पष्टपणे मागण्याची आणि न मिळाल्यास थांबण्याची सोय कोणी वापरली असती, तर ते टिंब पहिल्याच बांधणीत सापडले असते.

साधनांमधील तरतुदी

मेसन या बांधणी-साधनात २०१८ मधील ०.४७.० या आवृत्तीपासून ‘फीचर’ नावाचा पर्याय-प्रकार आहे आणि त्याची मूल्ये तीनच आहेत. चालू, बंद आणि स्वयं. वर सांगितलेल्या तीन इच्छांचे हे सरळ प्रतिबिंब होय. ‘चालू’ असता लायब्ररी आवश्यक बनते, ‘बंद’ असता शोध होत नाही. शिवाय ‘ऑटो-फीचर्स’ या एका पर्यायाने सर्व ‘स्वयं’ सुविधा एकदम चालू किंवा बंद करता येतात. वितरणांसाठी पॅकेज बांधणाऱ्यांना ही सोय विशेष उपयोगी पडते.

सीमेकमध्ये लायब्ररी शोधण्याच्या आज्ञेला ‘रिक्वायर्ड’ हा शब्द जोडला नाही तर शोध ऐच्छिक ठरतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पर्याय ठेवला नसला तरी बाहेरून एखाद्या पॅकेजचा शोध बंद करता येतो. ते पॅकेज सक्तीचे करण्याची सोय मात्र २०२१ मधील ३.२२ मध्ये आली. ऑटोकॉन्फमध्ये तिन्ही स्थिती लिहिता येतात, पण त्या हाताने लिहाव्या लागतात आणि घाईत एक तरी सुटते.

रस्ट भाषेच्या कार्गोने प्रश्नच वेगळा मांडला आहे. ऐच्छिक अवलंबन फीचरच्या नावाने मागितले तरच ते जोडले जाते, संगणकावर काय आहे यावर कार्गो निर्णय घेत नाही. याउलट नोडच्या एनपीएममध्ये ‘ऑप्शनल डिपेंडन्सीज’ या यादीतील पॅकेज बसवता आले नाही तरी स्थापना यशस्वी मानली जाते. केवळ मॅकओएसवर चालणारे ‘एफएसइव्हेंट्स’ हे पॅकेज अनेक प्रकल्पांत अशाच रीतीने नोंदलेले असते आणि तेथे ते योग्यही आहे.

काही स्क्रिप्ट न सापडलेली लायब्ररी इंटरनेटवरून उतरवून घेतात. विद्यार्थ्याला हे सोयीचे वाटते. वितरणांच्या बांधणी-यंत्रांना मात्र बहुधा इंटरनेटची जोडणीच दिलेली नसते, त्यामुळे हे उतरवणे बंद करण्याचा पर्याय मेसनसारख्या साधनांत ठेवलेला आहे.

अहवाल आणि त्रुटी-संदेश

गाळलेल्या सुविधेची माहिती बांधणीच्या शेवटी एकत्रित तक्त्यात देणे ही आता सर्वमान्य पद्धत आहे. त्याहून उपयुक्त ठरते ती तयार आज्ञावलीतच राहणारी नोंद. व्हिमला आवृत्ती विचारली असता प्रत्येक सुविधेपुढे अधिक किंवा उणे चिन्ह दिसते. प्रणालीच्या क्लिपबोर्डवर मजकूर का जात नाही, याचे उत्तर अनेकांना तेथील ‘उणे क्लिपबोर्ड’ या नोंदीत मिळते. कर्ल आपली वैशिष्ट्ये आणि एफएफएमपेग आपल्या बांधणीचे सर्व पर्याय अशाच प्रकारे सांगतात.

त्रुटी देऊन थांबायचे असल्यास संदेशात काय हवे होते, ते कशासाठी हवे होते आणि ते नको असल्यास कोणता पर्याय द्यावा, या तिन्ही गोष्टी असाव्यात. यांतील शेवटची गोष्ट वगळली तर नवशिका अडून बसतो आणि कठोर स्क्रिप्टविषयीची बहुतेक नाराजी तेथूनच येते.

चाचणीचा भार

प्रत्येक ऐच्छिक सुविधेमुळे आज्ञावलीची संभाव्य रूपे दुप्पट होतात. १० सुविधांची १,०२४ आणि २० सुविधांची १०,४८,५७६ रूपे होतात. सर्व तपासणे अशक्य असल्याने प्रत्यक्षात ‘सर्व चालू’, ‘सर्व बंद’ आणि नेहमीची काही रूपे तपासली जातात. लिनक्स कर्नलमध्ये यादृच्छिक पर्याय निवडून बांधणी करून पाहण्याची सोय आहे. ‘सर्व बंद’ हे रूप दुर्लक्षित राहिले की एखादी ऐच्छिक लायब्ररी नकळत आवश्यक होऊन बसते.

चालताना शोधली जाणारी लायब्ररी

निर्णय बांधणीच्या वेळी न घेता आज्ञावली चालू असताना घेणे हा आणखी एक मार्ग आहे. पिलोच्या ८.२.० पासूनच्या तयार पॅकेजांत राक्म असते, पण तिला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी संगणकावर असल्यास चालताना जोडली जाते. पायथनमध्ये आयात करून पाहणे व न जमल्यास दुसरी वाट धरणे ही रीत सर्वत्र दिसते. मात्र ती लिहिताना मॉड्यूल नसणे आणि मॉड्यूलच्या आत काही बिघडणे यांत फरक केला नाही, तर मूक वगळणुकीचाच प्रश्न नव्या जागी उभा राहतो.

एक्सझेड प्रकरणानंतर या मार्गाकडे अधिक लक्ष गेले. ओपनएसएसएचच्या सर्व्हरला एक्सझेडच्या लायब्ररीची गरज नव्हती. काही वितरणांनी सिस्टमडीला सूचना पाठवण्याच्या ऐच्छिक सोयीसाठी त्याला लिबसिस्टमडी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी आत आली होती. जुलै २०२४ मधील ओपनएसएसएच ९.८ मध्ये ही सूचना पाठवण्याचा कोड लिबसिस्टमडीविना, स्वतंत्रपणे लिहिण्यात आला. त्याच वर्षीच्या सिस्टमडी २५६ मध्ये संपीडनाच्या लायब्ऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडण्याची व्यवस्था झाली. अशा लायब्ऱ्या नेहमीच्या अवलंबन-यादीत दिसत नसल्याने त्यांची नावे तयार फायलीतच एका ठरावीक नोंदीत लिहिण्याची पद्धतही याच आवृत्तीबरोबर मांडण्यात आली.